खोट्या मुलखाचे नकाशे



नकाशा म्हटला कीं तो कोणत्या तरी खऱ्या मुलखाचा असावयाचा, अशी आपली सर्वांची समजूत असते. आज मी ज्या नकाशांविषयीं बोलणार आहें, ते ज्या देशांचे आहेत ते देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नाहींत. कोणी तरी मनांत एक बेट कल्पितो, त्याला किनारा देतो, डोंगर देतो, नद्या, गांवें, रस्ते देतो; आणि हें सारें संगणकावर, चित्रें दुरुस्त करण्याच्या साधनांनीं, इतकें हुबेहूब उतरवितो कीं पाहणाराला वाटावें, पुढच्या सुट्टींत येथें जाऊन यावें. हा छंद आज जगभर पसरलेला आहे. कादंबऱ्या लिहिणारे तो करतात, संगणकावरील खेळ रचणारे करतात, आणि ज्यांना यांतलें कांहींच करावयाचें नाहीं अशीं शाळेंतलीं मुलेंहि करतात. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, ही या विषयाची मोठीच अडचण आहे. परंतु ऐकणाराच्या मनांत बेट उभें करणें शब्दांना अगदींच अशक्य नाहीं, असें समजून आरंभ करतों.

प्रथम साधनाविषयीं. फोटोशॉप हें नांव बहुतेकांच्या कानांवरून गेलें असेल. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनीं तें रचलें आणि १९९० सालीं तें बाजारांत आलें. त्यासाठीं आतां वर्गणी भरावी लागते. त्याच कामाचें दुसरें साधन गिंप या नांवाचें आहे. बर्कली येथील विद्यापीठांतल्या स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं तें सुरू केलें. तें कोणालाहि फुकट मिळतें, आणि मध्यमवर्गीय घरानें हा गुण लहान समजूं नये. दोन्हीं साधनें मुळांत चित्रांसाठीं आणि छायाचित्रांसाठीं. चेहऱ्यावरची सावली उजळावी, मागची भिंत पुसावी, आजीच्या जुन्या फोटोवरचा ओरखडा बुजवावा, असलीं तीं कामें. नकाशे काढण्यासाठीं तीं घडविलेलीं नाहींत. हें मुद्दाम सांगतों, कारण पुढचें सारें त्यावर उभें आहे. या साधनांना रंगाचे ठिपके तेवढे कळतात. अमुक ठिपका निळा आहे हें त्यांना ठाऊक असतें; तो निळा ठिपका पाण्याचा आहे आणि पाणी उताराकडे वाहतें, हें त्यांना ठाऊक नसतें. तें ठाऊक असण्याची जबाबदारी माणसावर राहते. माझा जन्म मुलांना भूगोल शिकविण्यांत गेला. या छंदांत मला जो रस वाटतो तो येवढ्याचसाठीं.

कल्पनेच्या मुलखांचे नकाशे ही कांहीं संगणकाची देणगी नव्हे. टॉमस मोर यानें १५१६ सालीं 'युटोपिया' प्रसिद्ध केलें तेव्हां पहिल्याच आवृत्तींत त्या बेटाचा, लांकडी ठशानें छापलेला, नकाशा होता. स्विफ्टच्या गलिव्हरनें १७२६ सालीं ज्या देशांचे प्रवास सांगितले त्यांचेहि नकाशे पुस्तकांत आहेत. आणि त्यांतली लबाडी अशी कीं लिलिपुटच्या नकाशावरचें सुमात्रा बेट खरें आहे. खऱ्याच्या शेजारीं खोटें बसविलें कीं खोट्यालाहि शेजारधर्मानें थोडी प्रतिष्ठा मिळते. आपल्या विष्णुपुराणांतलीं जंबु, प्लक्ष, शाल्मलि आदिकरून सात द्वीपें, आणि त्यांना वेढणारे खाऱ्या पाण्याचे, उंसाच्या रसाचे, तुपाचे, दह्यादुधाचे समुद्र हे कोणाला येथें आठवतील. परंतु तीं एकांत एक बसविलेलीं वर्तुळें आहेत. तो विश्वाचा आराखडा, वाटसरूचा नकाशा नव्हे. त्याचें माप या छंदाच्या काठीनें घेऊं नये.

या परंपरेंत मला अधिक जवळचा वाटतो तो स्टीव्हन्सन. १८८१ सालच्या पावसाळी दिवसांत, स्कॉटलंडमधील ब्रेमार या गांवीं, तो आपल्या सावत्र मुलाच्या संगतीनें रंगपेटी घेऊन बसला होता. सहज एका बेटाचा नकाशा रंगविला गेला, आणि त्याकडे पाहतां पाहतां गोष्टींतलीं माणसें त्याला दिसूं लागलीं. 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी त्यांतून निघाली. म्हणजे गोष्टीसाठीं नकाशा नव्हे, नकाशांतून गोष्ट. पुढें एक आपत्ति ओढवली. हस्तलिखित प्रकाशकाकडे पोंचलें. नकाशा पोंचलाच नाहीं. तेव्हां पुस्तकांतला एकेक उल्लेख हुडकून, त्या सर्वांशीं जुळेल असा दुसरा नकाशा वडिलांच्या कचेरींत बसून तयार करावा लागला. तोच छापला गेला. पण तें आपलें मूळचें बेट नव्हे ही रुखरुख स्टीव्हन्सनला राहिली, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. आज एका बोटाच्या दाबासरशीं नकाशाच्या दहा प्रती होतात. त्या बिचाऱ्यापाशीं एकहि नव्हती.

आतां प्रत्यक्ष कृति. पडद्यावर कोरा कागद घ्यावा. त्याची लांबी-रुंदी निदान चार चार हजार ठिपक्यांची असावी, म्हणजे पुढें छापतांना अक्षरें फुटत नाहींत. गिंपमध्यें 'नॉइज' म्हणून एक सदर आहे. त्यांतली एक युक्ति चालविली कीं कोऱ्या कागदावर काळें-करडें आभाळ भरून येतें, कोठें दाट, कोठें विरळ. फोटोशॉपमध्यें याच जातीच्या युक्तीला 'ढग' असेंच नांव आहे. अशा यंत्रनिर्मित ढगांचें गणित बसविणारा गृहस्थ म्हणजे केन पर्लिन. १९८२ सालच्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामांत तो होता. संगणकानें काढलेल्या वस्तु फार गुळगुळीत, फार यंत्रासारख्या दिसतात, या असमाधानांतून त्यानें ही रीत शोधली, १९८५ सालीं ती प्रसिद्ध केली, आणि १९९७ सालीं त्याबद्दल त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. नियमांत बसविलेली अनियमितता, असें त्या गणिताचें वर्णन करतां येईल. त्यांत 'बीज' म्हणून एक आंकडा घालावा लागतो. बाकीचीं मापें न बदलतां तोच आंकडा घातला तर तेंच आभाळ पुन्हां येतें. आंकडा बदलला तर निराळें. म्हणून आवडलेल्या बेटाचें बीज वहींत टिपून ठेवावें.

या आभाळाचा मुलूख करावयाचा कसा? त्यासाठीं 'थ्रेशोल्ड', म्हणजे शब्दशः उंबरठा, नांवाचें हत्यार आहे. अमुक छटेहून जें उजळ तें सारें पांढरें, आणि जें काळसर तें सारें काळें, असा निवाडा तें करतें. पांढरें ती जमीन, काळें तो समुद्र. करड्या ढगांचा क्षणार्धांत तुटका-फुटका, खाड्या-आखातांनीं भरलेला किनारा होतो. आणि खरी मौज पुढेंच आहे. त्या उंबरठ्याची खुंटी उजवीकडे सरकविली कीं समुद्र चढूं लागतो. डावीकडे नेली कीं ओसरतो. पाहतां पाहतां एका खंडाचीं सात बेटें होतात. मुंबईचा इतिहास याच्या उलट घडला, हें तेथील श्रोत्यांना सांगावयास नको. समुद्राची पातळी चढली तर काय बुडतें, हें फळ्यावर तासभर बोलून जें समजत नाहीं, तें या खुंटीनें एका मिनिटांत समजतें.

असा किनारा खरा कां वाटतो? बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञानें १९६७ सालीं एका निबंधांत साधा दिसणारा प्रश्न विचारला होता, कीं ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? उत्तर असें निघालें कीं तें मोजपट्टीवर अवलंबून आहे. लांब पट्टीनें मोजलें तर लहान लहान वळणें सुटतात. आंखूड पट्टीनें मोजलें तर तीं हिशेबांत येतात आणि लांबी वाढते. मोठ्या वळणांत लहान वळण, लहानांत आणखी लहान, ही किनाऱ्याची जात आहे. आणि पर्लिनच्या ढगांचे लहानमोठे थर एकमेकांवर रचले कीं तीच जात त्यांतहि उतरते. हातानें काढलेला किनारा बहुधा फसतो तो येथेंच. आपला हात सारख्या मापाच्या लाटा काढीत जातो, आणि बेट शेवटीं जिलबीसारखें दिसतें.

येवढें कौतुक केल्यावर आतां यंत्राचा दोष सांगतों. त्याचा किनारा सगळीकडे सारखाच दिसतो. उत्तरेला तसाच, दक्षिणेला तसाच. पृथ्वीवर असें नसतें. नॉर्वेच्या किनाऱ्यावर लांब, खोल, अरुंद फियोर्ड आहेत, कारण एके काळीं हिमनद्यांनीं तेथील खोरीं कोरून काढलीं आणि पुढें तेथें समुद्र शिरला. गोदावरी किंवा कृष्णा जेथें समुद्राला मिळते तेथें जमीन पंखा उघडावा तशी पुढें आलेली आहे, कारण नदीनें आणलेला गाळ तेथें सांठतो. प्रत्येक वळणामागें कांहीं तरी घडलेलें असतें. यंत्राच्या किनाऱ्यामागें कांहींच घडलेलें नसतें. म्हणून जाणता माणूस यंत्राकडून किनारा घेतो आणि मग रबर व कुंचला घेऊन तासन् तास त्याला इतिहास देत बसतो. येथें वाळू, म्हणून रेघ मऊ. येथें कातळ, म्हणून तुटकी. येथें नदीचें मुख, म्हणून पुढें सरकलेली. डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाच्या एका नभोनाट्यमालेंत (ती बी. बी. सी. वरून १९७८ सालीं प्रथम ऐकविली गेली) ग्रहांचे किनारे रचणारा एक म्हातारा कारागीर आहे, नॉर्वेचे फियोर्ड आपण केले, आणि त्याबद्दल आपल्याला बक्षीस मिळालें, असें तो मोठ्या अभिमानानें सांगतो. ही थट्टा आहे खरी. पण या छंदांतल्या माणसांना तो म्हातारा आपल्यापैकींच एक वाटत असला पाहिजे.

आतां नद्या. नकाशा ओळखावा तो नद्यांवरून. नवशिक्याचा नकाशा मी नद्यांकडे पाहून सांगूं शकेन. त्याच्या नद्या वाहतां वाहतां दुभंगतात, एका समुद्रांतून निघून दुसऱ्याला मिळतात, एका सरोवरांतून चार दिशांना चार नद्या निघतात. खरें पाहतां नद्या एकमेकींना मिळत जातात, फुटत जात नाहींत. फुटतात त्या बहुधा मुखापाशीं, गाळाच्या सपाटींत. सरोवराचें पाणी सर्वांत सखल जागेनें बाहेर पडतें, आणि सर्वांत सखल जागा सहसा एकच असते. उपनदी मुख्य नदीला मिळते ती बहुतकरून खालच्या दिशेस झुकून. याला अपवाद नाहींत असें नाहीं. दक्षिण अमेरिकेंत कासिक्यारे नांवाचा प्रवाह ओरिनोको नदीपासून फुटतो आणि रिओ नेग्रोमार्गें आमेझॉनला जाऊन मिळतो. हुंबोल्ट १८०० सालीं त्यांतून स्वतः गेला होता. परंतु तो प्रदेश इतका सपाट आहे कीं दोन खोऱ्यांमधला उंचवटा तेथें नांवापुरताच उरतो. अपवाद काढावयाचा असेल तर त्याचें कारणहि काढावें लागतें.

माझ्या नातीनें गेल्या दिवाळीच्या सुट्टींत असा एक देश रचला. त्यांत एक भली मोठी नदी पूर्वसमुद्रांतून निघून, मधला डोंगर ओलांडून, पश्चिमसमुद्राला मिळत होती.

"ही उगम कोठें पावते ग?" मीं विचारलें.

"इथून," समुद्रावर बोट ठेवून ती म्हणाली. "आजोबा, मला तिच्यातून जहाज न्यायचंय, थेट राजधानीपर्यंत."

"मग तो कालवा झाला. कालवा कोणी खणला, मजूर कोठून आणले, त्यांना खायला कोणी घातलें, हें तुला सांगावें लागेल."

तिनें थोडा विचार केला. "नको. नदीच असू दे. मग डोंगर बाजूला घेऊ का?"

"घे. पण डोंगर हलला कीं पाऊसहि हलेल."

डोंगर बाजूला घेणें हें या साधनांत खरोखरीच शक्य असतें, आणि त्यांचा सर्वांत मोठा गुण हाच. सारें चित्र एकाच कागदावर नसतें. पारदर्शक कागदांची चवड असावी तसे एकावर एक थर असतात. त्यांना 'लेअर' म्हणतात. समुद्राचा थर निराळा, जमिनीचा निराळा, डोंगरांचा, नद्यांचा, रानाचा, रस्त्यांचा, अक्षरांचा निराळा. डोंगरांचा थर धरून सरकविला तर खालची जमीन जागची हलत नाहीं. शाईनें कागदावर काढलेल्या नकाशांत ही सोय नव्हती. तेथें चूक सुधारण्यापेक्षां चुकीला साजेल अशी गोष्ट रचणें सोपें पडे. आमच्या घरीं त्या दिवशीं डोंगर तीन वेळां हलला. पश्चिमेकडून ढग येतात असें आम्हीं ठरविलें होतें. तेव्हां डोंगराची पश्चिमेची बाजू हिरवी झाली आणि पूर्वेची कोरडी. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यांत पूर्वेला माण तालुक्यांत पांचशेंच्या आसपास, हें तिनें पुस्तकांत वाचलेलें होतें. वाचून परीक्षेंत लिहिलेलेंहि होतें. परंतु तो आंकडा आणि हा डोंगर यांचा कांहीं संबंध आहे, हें तिच्या ध्यानांत त्या सायंकाळीं आलें. रात्रीं जेवणाच्या वेळेपर्यंत पश्चिमेला भाताचीं गांवें आणि पूर्वेला मेंढपाळांच्या वाड्या वसल्या होत्या. नदी पूर्वेकडे वळली होती. आणि राजधानी बंदर न राहतां दोन नद्यांच्या संगमावर गेली होती.

शाळेंत आम्ही मुलांना छापील कोरे नकाशे भरावयास देत असूं. निळ्या पेन्सिलीनें मुलें गोदावरी काढीत. ती त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, हें त्यांना पाठ असे. उगमापासून अरबी समुद्र अवघा ऐंशीएक किलोमीटर दूर असतांना ही नदी सुमारें १४६५ किलोमीटर पूर्वेकडे चालत कां जाते, असें मात्र शेंकडा एखादाच मुलगा विचारी. खरी नदी छापलेली असते. ती गिरविली कीं काम संपतें. ज्याला नदी स्वतः काढावयाची आहे त्याला हा प्रश्न चुकवितां येत नाहीं. ती येथून निघून तेथेंच कां गेली, याचें उत्तर दिल्याखेरीज त्याची रेघ पुढें सरकत नाहीं. माझ्या मतें प्रत्येक शाळेंत सातवीच्या मुलांकडून वर्षांत एक तरी खोटा देश रचवून घ्यावा. संगणक नसेल तर साध्या कागदावर.

हवामानासाठीं अक्षांशहि ठरवावा लागतो. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कथेचे नकाशे १९५४ सालीं पुस्तकाबरोबर निघाले. ते त्याच्या मुलानें, ख्रिस्तोफरनें, रेखाटले होते. नकाशा आधीं आणि त्याला जुळेल अशी गोष्ट मागाहून, हीच आपली रीत असल्याचें टोल्किननें एका पत्रांत लिहिलें आहे. पुढें पॉलीन बेन्स या चित्रकर्तीला नवा नकाशा काढावयाचा होता, तेव्हां त्यानें जुन्या नकाशाच्या प्रतीवर स्वतःच्या हातानें सूचना लिहून दिल्या. ती प्रत २०१५ सालीं उजेडांत आली आणि पुढल्या वर्षीं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानें ती घेतली. त्यांत एक सूचना अशी आहे कीं कथेंतलें हॉबिटन हें गांव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर समजावें. येवढ्या एका वाक्यांत चित्रकर्तीला त्या गांवचीं झाडें, ऋतु, दिवसाची लांबी, सारें मिळालें.

डोंगरांना उठाव देण्याचें काम यंत्र सुरेख करतें. तेच करडे ढग घेऊन, उजळ तें उंच आणि काळें तें सखल असें समजून, एका बाजूनें उजेड पाडतां येतो. त्याला 'बंप मॅप' म्हणतात. उजेड नेहमीं डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यांतून, म्हणजे वायव्येकडून, पाडावा. खरा सूर्य युरोपांत भर दुपारीं दक्षिणेला असतो, तेव्हां हें निसर्गाला धरून नाहीं. परंतु उजेड खालून पाडला तर डोळा फसतो आणि डोंगरांच्या जागीं दऱ्या दिसूं लागतात. नद्या मात्र हातानें काढाव्या, उगमापाशीं एका ठिपक्याच्या जाडीच्या आणि मुखापाशीं सहा-सातांच्या. रानें, शेतें, रस्ते यांत विशेष अवघड असें कांहीं नाहीं. रस्ता घाट शोधीत जातो येवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें.

अक्षरांविषयीं मात्र मराठी माणसाला दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या छंदावरचीं बहुतेक मार्गदर्शक पुस्तकें रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं असतात. मोठ्या प्रांताचें नांव त्याच्या सगळ्या लांबीवर पसरावें, यासाठीं रोमन लिपींत अक्षरें दूर दूर टाकतात. देवनागरींत तसें केलें कीं शिरोरेघ तुटते आणि नांवाचीं लक्तरें होतात. आपण अक्षरांतलें अंतर न वाढवितां अक्षर मोठें व फिकट करावें. तसेंच वळणदार रेघेवर नांव चढवितांना वांक अगदीं सौम्य ठेवावा, नाहींतर वेलांट्या एकमेकींवर आदळतात.

आणि नांवें तरी कशीं ठेवावीं? नुसतीं कानाला गोड लागणारीं ठेवूं नयेत. आपल्या गांवांचीं नांवें पाहा. वडगांव, पिंपळगांव, उंबरगांव, बोरगांव. या प्रत्येक नांवांत एक झाड उभें आहे. खुर्द म्हटलें कीं जवळपास बुद्रुक असावयाचें; एक धाकटें, एक थोरलें. कल्पनेच्या देशांत पिंपळगांव लिहावयाचें तर तेथें पिंपळ जगेल असें हवामान हवें, आणि बर्फाच्या मुलखांत तें लिहिलें तर दक्षिणेकडून कोण माणसें केव्हां तेथें वस्तीला आलीं, हें ठरवावयास हवें. नांव ठेवणें म्हणजे वस्तीचा इतिहास लिहिणेंच होय.

अंतरांसाठीं 'एका सेंटिमीटराला दहा किलोमीटर' असें प्रमाण लिहूं नये. पडद्यावर चित्र लहान-मोठें होत असतें, आणि तें वाक्य त्याच क्षणीं खोटें पडतें. त्याऐवजीं खालीं एक पट्टी काढून तिच्यावर किलोमीटर लिहावे. चित्र वाढलें कीं पट्टीहि वाढते. मग दिवसभरांत माणूस चालत पंचवीस-तीस किलोमीटर जातो हें धरून मुक्कामाचीं गांवें बसवावीं. राजधानीहून सरहद्दीला निरोप पोंचावयास किती दिवस लागतात, हें एकदां कळलें म्हणजे त्या देशाचें राजकारण अर्धें ठरलेंच.

शेवटीं राहतें तें नकाशाला म्हातारपण देण्याचें काम, आणि येथें मला थोडें गंभीर व्हावेंसें वाटतें. जुन्या कागदाचें छायाचित्र एक थर म्हणून टाकावें, तो खालच्या रंगांशीं 'मल्टिप्लाय', म्हणजे गुणाकार, या रीतीनें मिसळावा, कडा किंचित् काळवंडाव्या, एक-दोन घड्या दाखवाव्या, कीं कालचा नकाशा तीनशें वर्षांचा दिसूं लागतो. कला म्हणून हें मोहक आहे. परंतु नकाशावर विश्वास ठेवण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. जेम्स रेनेल याचें उदाहरण पाहा. १७६७ सालीं बंगालचा पहिला सर्व्हेअर-जनरल झालेला हा माणूस. बंगालच्या नद्या त्यानें मोजून काढल्या. मंगो पार्क आफ्रिकेंत नायजर नदी पूर्वेकडे वाहतांना पाहून आला, तेव्हां त्याच्या पुस्तकासाठीं रेनेलनें १७९८ सालीं नकाशा तयार केला. नदी दक्षिणेच्या समुद्राकडे न जातां पूर्वेकडे जाते, त्या अर्थीं मध्यें डोंगर आडवे असलेच पाहिजेत. पार्कनेंहि दूरवर कांहीं डोंगर पाहिल्याचें लिहिलें होतें. रेनेलनें काँगच्या पर्वतांची लांबच लांब रांग पूर्वपश्चिम ओढून दिली. अनुमान चुकीच्या वाटेनें गेलेलें नव्हतें. माझ्या नातीनें तसें केलें असतें तर मीं तिची पाठ थोपटली असती. फक्त तेथें ते पर्वत नव्हते. १८३० सालीं लँडर बंधूंनीं नायजर पुढें दक्षिणेला वळून गिनीच्या आखाताला मिळते हें प्रत्यक्ष जाऊन पाहिलें, तरीहि पर्वत नकाशांवरून पुसले गेले नाहींत. लुई बेंझे हा फ्रेंच अधिकारी १८८७ ते १८८९ या काळांत तो मुलूख पायांखालीं घालून आला आणि तेथें टेंकड्यांची रांगसुद्धां नाहीं असें त्यानें सांगितलें, तेव्हां कोठें त्यांना उतरती कळा लागली. काल्पनिक नकाशाला संगति पुरते. खऱ्या नकाशाला ती पुरत नाहीं. तेथें कोणी तरी जाऊन यावें लागतें.

हें जुन्या काळचें झालें असें कोणी म्हणेल, तर न्यू कॅलेडोनियाजवळचें सँडी बेट घ्यावें. तें संगणकावरील नकाशांत होतें, शास्त्रज्ञांच्या माहितीसंग्रहांत होतें. २०१२ सालीं एक ऑस्ट्रेलियन संशोधननौका त्या जागीं गेली, आणि बेटाच्या ठिकाणीं हजार मीटरांहून खोल पाणी निघालें.

म्हणून या छंदांतल्या मुलांना आणि मोठ्यांनाहि माझी विनंती अशी. खऱ्या देशाच्या नकाशावर कल्पनेची सरहद्द ओढूं नका. तो छंद राहत नाहीं. आपल्या बेटावर करणाराचें नांव, खरें साल, आणि 'काल्पनिक' हा शब्द लिहा. सगळे थर कायम ठेवणारी गिंपची मूळ प्रत घरीं जपून ठेवा आणि बाहेर पाठविण्यासाठीं थर एकजीव केलेली निराळी काढा. मात्र तो शब्द कोपऱ्यांत लिहूं नका. कोपरा कापतां येतो, आणि एकदां चित्र हातांतून सुटलें कीं कोण कोठें कापील याचा नेम नसतो. तो लिहावा समुद्रांत, किनाऱ्याला अगदीं लागून, जेथें कात्री चालविली तर बेटहि तुटेल अशा जागीं, आणि अक्षर गडद निळें ठेवावें.